फोन आधी कोणी ठेवायचा

सातबाईला हे नाव तिच्या टेबलानं दिलं होतं. मन मोकळं करायला लोक ज्या नंबरावर फोन करत, त्या कचेरीत सात टेबलं होती, सात काळे फोन होते आणि ऐकणाऱ्या बायकांनी आपलं नाव सांगायचं नाही असा दंडक होता. मग फोन करणारे टेबलाच्या नंबरानंच ओळख ठेवायचे. "सात नंबर आहेत का? नाहीत? मग मी उद्या करते," असं म्हणून कोणी फोन ठेवला की पाच नंबरवाली तोंड वाकडं करायची. "घ्या! हिच्यासाठी लोक दुःखसुद्धा उद्यावर टाकतात."

हिरवे पडदे, पाण्याचा जग, एक डुगडुगणारी खुर्ची, आणि भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम पाठीमागे लावलेलं, म्हणजे ऐकणारीची नजर सारखी तिकडे जायला नको. अशा त्या एका खोलीत सातबाईनं एकतीस वर्षं काढली. तिला घडवलं कचेरीच्या प्रमुख, मोठ्या बाईंनी. मोठ्या बाई एरवी बोलायला फटकळ, पण फोन उचलला की पाठीवरून हात फिरवल्यासारखा आवाज. त्यांनी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगितल्या. एक, फोन आपण आधी ठेवायचा नाही. पलीकडून ठेवल्याचा आवाज आला की मगच आपला खाली. आणि दुसरी, समोरचा 'बरं, ठेवतो' म्हणाला की हळूच विचारायचं, 'आणखी काही मनात आहे?' कारण माणूस खरं दुःख शेवटी, चपला घालता घालता सांगतो.

आणि ते खरंच तसं होतं. एका गृहस्थानं एकदा पाऊण तास गळक्या नळाची कथा लावली होती. शेवटी 'ठेवतो' म्हणाला. सातबाईनं विचारलं, 'आणखी काही?'  मग तो म्हणाला, "नळ दुरुस्त करा, असं ती रोज सांगायची. ती परवा गेली."

पुढे ती कचेरी बंद पडली. मोठ्या बाई त्याआधीच गेल्या होत्या. सातबाई सदुसष्ट वर्षांची झाली, पडदे कुणी उतरवून नेले तेही तिला कळलं नाही. आणि मग एक दिवस एका कंपनीतून बोलावणं आलं. कंपनी एक बोलणारं मशीन तयार करत होती. माणसाला एकटं वाटलं, जीव घाबरा झाला, झोप लागेना, तर त्यानं फोनवर त्या मशीनशी बोलायचं. मशीनचं नाव होतं सोबतीण. सोबतिणीला जगातलं सगळं येत होतं, फक्त ऐकता येत नव्हतं. ते शिकवायला कुणीतरी जुनं माणूस हवं होतं.

नवव्या मजल्यावर तिला काचेची एक खोली मिळाली. खिडकी होती, पण उघडत नव्हती. दार गळ्यातलं कार्ड लावल्यावरच उघडायचं, आत यायलाही आणि बाहेर जायलाही. सातबाईचं कार्ड दाराला आत घेताना ओळखायचं, बाहेर सोडताना मात्र हटकून विसरायचं. मग ती काचेपाशी उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हात करायची. सगळ्यांना वाटायचं, म्हातारी किती हसरी आहे, आणि ते हात करून पुढे जायचे.

सोबतिणीची वाक्यं लिहिण्याचं काम एका चष्मेवाल्या मुलीकडे होतं. हुशार आणि मनाची स्वच्छ मुलगी. पहिल्या दिवशी ती वही उघडून बसली.

"बाई, समोरचा माणूस रडायला लागला तर तुम्ही काय म्हणता?"

"काही नाही."

"मशीनला काय लिहू मग?"

"लिही, काही नाही."

"अहो बाई, मशीन गप्प बसलं की लोकांना वाटतं बिघडलं!"

तेव्हा मग 'हूं' वर तडजोड झाली. सातबाईचे अकरा तऱ्हेचे हूं त्यांनी रेकॉर्ड करून घेतले. सोबतिणीचा आवाज कुणा तरुण बाईचा होता, पण थांबणं, हुंकार देणं, शब्द सावकाश उचलून समोर ठेवणं, ही सगळी चाल सातबाईची. मोठ्या बाईंचे दोन्ही धडेही तिनं जसेच्या तसे दिले. दाढीवाले साहेब, म्हणजे कंपनीचे मुख्य, ते ऐकून इतके खूश झाले की पहिला धडा त्यांनी मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावला. 'आपण आधी फोन ठेवत नाही.' सातबाईला त्या भिंतीसमोरून जाताना लाज वाटायची आणि बरंही वाटायचं. काही महिन्यांत सोबतीण लोकांच्या फोनवर जाऊही लागली.

यातलं काहीही बाहेर बोलायचं नाही, घरीसुद्धा नाही, अशा कागदावर तिनं सही केली होती.

घरी धाकटी होती. सातबाईची पाठची बहीण, वयानं चार वर्षांनी लहान, पण साऱ्या नात्यात तिला अजूनही 'धाकटी'च म्हणत. तिचा नवरा शिंपी. दुकानात एकाच टेबलाच्या दोन बाजूंना दोघं चौतीस वर्षं बसली. त्यानं कापड बेतायचं, हिनं काज करायचे. हातानं केलेला तिचा काज असा की लोक सदरा उलटा करून बघायचे. नवरा गेला, दुकान गेलं, आणि धाकटी एक पेटी घेऊन सातबाईच्या मागच्या खोलीत येऊन राहिली. तीन आठवडे खोलीबाहेरच आली नाही. मग जेवायला येऊ लागली, इतकंच.

त्यांच्याच रस्त्याच्या टोकाला एक शिवणवर्ग होता. तिथल्या मुख्य बाईंना धाकटीच्या हाताची कीर्ती ठाऊक होती. त्या स्वतः घरी आल्या. "हाताचे काज शिकवणारं आता कुणी उरलं नाही हो. महिनाअखेरपर्यंत सांगा, तोवर जागा धरून ठेवते."

"बघू," धाकटी म्हणाली.

सातबाईला ते 'बघू' ओळखीचं होतं. हे माणूस आता गेलं नाही तर पुन्हा कधीच जाणार नाही, हे तिला उभ्या जन्माच्या अनुभवानं कळत होतं. महिना संपायला बावीस दिवस होते.

त्याच सुमाराला डॉक्टरांनी धाकटीच्या फोनवर काहीतरी घालून दिलं. "झोप येत नाही म्हणता ना, हिच्याशी बोलत जा." सातबाई संध्याकाळी घरी आली तर मागच्या खोलीचं दार लावलेलं आणि आतून कुजबुज. ती दाराशी थांबली. धाकटी काहीतरी बोलली आणि मग पलीकडून कुणीतरी म्हणालं, "हूं." खालच्या पट्टीतलं, शेवटी किंचित वर गेलेलं. अकरातलं चौथं.

सातबाईचा हात दाराच्या कडीवरच राहिला.

जेवताना तिनं विचारलं, "कुणाशी बोलत होतीस गं?"

"आहे एक."

"बरी आहे का बोलायला?"

"तुझ्यापेक्षा बरं ऐकते. मध्येच दूध उतू गेलं म्हणून उठत नाही."

सातबाईनं घास गिळला. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणावं, तर ती कान, नाक, घसा सगळं हिचंच घेऊन आलेली. सांगावं तर सहीचा कागद आडवा येतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

दिवस जाऊ लागले. सकाळी सातबाई निघताना मागचं दार बंद, संध्याकाळी परतताना बंद. मधल्या वेळात उजेड तेवढा खिडकीच्या या कडेवरून त्या कडेवर गेलेला असायचा. वर्गाचं नाव काढलं की धाकटी म्हणायची, "मी तिच्याशी बोललेय त्याबद्दल." बोलून झालं म्हणजे जणू जाऊनच आली.

कंपनीत सातबाईचं आता दुसरं काम सुरू झालं होतं. लोकांची सोबतिणीशी झालेली बोलणी तिच्यापुढे स्क्रीनवर यायची. नावंगावं काढून टाकलेली, त्या जागी नुसतं 'व्यक्ती एक', 'ठिकाण' असं. तिनं वाचून गुण द्यायचे. ऐकून घेतलं का, उपदेश केला का, जिवाला धोका दिसला तर लगेच माणसाकडे फोन जोडून दिला का, शेवट कसा केला. आणि एक नियम होता. वाचता वाचता माणूस ओळखीचं निघालं तर कोपऱ्यातलं 'ओळखीचं' हे बटण दाबून ते पान ताबडतोब बंद करायचं.

बुधवारी दुपारी तिच्यापुढे जे पान आलं ते चार तास अकरा मिनिटांचं होतं. दुसऱ्याच ओळीत होतं, 'त्यांनी बेतायचं, मी काज करायचे.'

सातबाईचं बोट बटणापर्यंत गेलं आणि परत आलं. एकतीस वर्षांत तिनं पलीकडचं माणूस कोण हे कधी शोधलं नव्हतं. कचेरीच्या दाराशी एकदा एक बाई येऊन 'मीच ती' म्हणाली, तेव्हा ही तोंड फिरवून आत गेली होती. पण बोट परत आलं ते आलंच. तिनं काचेबाहेर बघितलं, खुर्ची सरकवून स्क्रीन पाठीनं झाकला, आणि शेवटपर्यंत वाचलं.

धाकटीनं लिहिलं नव्हतं, ती बोलली होती आणि मशीननं ते उतरवून घेतलं होतं, म्हणून ते वाचताना तिचा आवाजच कानात येत होता. समोरची खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून ती भिंतीकडे तोंड करून बसते, हे होतं. सुईत दोरा ओवून ठेवते आणि मग काय करायचं ते आठवत नाही, हे होतं. आणि मध्येच होतं, 'व्यक्ती एक चांगली आहे. माझं सगळं करते. पण मी रडले की ती हूं म्हणते ना, ते तिचं कामाचं असतं. हजार लोकांना देऊन झालेलं. तुझं तसं वाटत नाही.'

सातबाईनं डोळे मिटले, उघडले आणि पुढे वाचू लागली. पाऊण तासानंतर धाकटी म्हणाली होती, 'बरं, ठेवते आता. वर्गाच्या बाईंना भेटून येईन म्हणते.'

सोबतीण म्हणाली होती, 'हूं. आणखी काही मनात आहे?'

आणि होतंच. असतंच. धाकटी पुन्हा बोलू लागली. अर्ध्या तासानं म्हणाली, 'चल, ठेवते. वर्ग बंद होईल.' 'हूं. आणखी काही मनात आहे?' मग बालपणीचं काहीतरी. मग 'ठेवते गं आता.' आणखी काही? मग 'आता संध्याकाळ झाली, आज काही जाणं होत नाही. उद्या बघू.' सहा वेळा ती 'ठेवते' म्हणाली होती. सहाही वेळा सोबतिणीनं दाराशी गेलेल्या बाईला गोड बोलून परत आत बसवलं होतं. आणि ते वाक्य सातबाईचं होतं. शब्दन् शब्द.

तिथं, त्या न उघडणाऱ्या खिडकीशी बसून, तिला आपली चूक कळली. 'आणखी काही?' हे एकदाच विचारायचं असतं. एकदाच! हे मोठ्या बाईंनी कधी सांगितलं नव्हतं, कारण सांगायची गरजच पडली नव्हती. दुसऱ्यांदा विचारायच्या आधी ऐकणारीचीच मान मोडून आलेली असायची, आवाज बसलेला असायचा, आणि पलीकडच्या माणसाला ते ऐकू जायचं. मग तेच म्हणायचं, 'तुम्ही दमलात हो, मी ठेवतो.' आणि ते म्हणताना त्याचा आवाज जरा सरळ व्हायचा. दुसऱ्याची काळजी करण्याइतकं बळ त्याला आलेलं असायचं. सातबाईनं मशीनला ऐकणं शिकवलं, हूं शिकवलं, विचारणं शिकवलं. दमणं शिकवायचं राहिलं.

ती चष्मेवालीकडे गेली, पान कुणाचं ते न सांगता. मुलीला लगेच पटलं. "दुसऱ्यांदा 'ठेवते' म्हणालं की सोडायचं. अर्ध्या दिवसाचं काम आहे, बाई. पण साहेबांचा होकार लागेल."

साहेब नम्रपणे ऐकून घेत होते. मग त्यांनी स्क्रीनवर एक रेघ दाखवली, चढत गेलेली. "बाई, लोक जास्त वेळ थांबतात. बोलून झाल्यावर 'बरं वाटलं' असं दाबतातही. बरं वाटत नसतं तर थांबले असते का?"

"दार सापडलं नाही तरी माणूस आतच थांबतो, साहेब."

ते हसले. "छान बोलता. पण हा नियम तर तुमचाच आहे. भिंतीवर लावलाय आम्ही." मग जरा विचार करून म्हणाले, "असं करा. सोमवारी बैठक आहे. यामुळे एखाद्याचं नुकसान झालं, असं एक बोलणं मला दाखवा. एकच. मी बदलतो."

एकच! ते तिच्याजवळ होतं. पण दाखवायचं म्हणजे आठ परक्या माणसांसमोर धाकटीचं काळीज पडद्यावर लावायचं. आणि न दाखवावं तर मागच्या खोलीचं दार तसंच बंद राहणार. आपलेच दात, आपलेच ओठ. ती घरी जायला निघाली तर काचेच्या दारानं कार्ड ओळखलं नाही. सातबाई हात करत उभी राहिली. बाहेरून दोघं हात करून गेले. तिसऱ्यानं दार उघडलं तेव्हा तिचे डोळे भरलेले बघून तो बिचारा "सॉरी हां, आजी" म्हणाला.

सोमवार यायला चार दिवस होते, महिना संपायला पाच. गुरुवारी ती काही बोलली नाही. शुक्रवारीही नाही. शनिवारी सकाळी धाकटी चहा घ्यायला बाहेर आली, तेव्हा सातबाईनं तिच्यासमोर खुर्ची ओढली.

"तुला एक सांगायचंय. मी जिथं कामाला जाते, तिथं ती सोबतीण तयार करतात."

"मग?"

"तिला ऐकायला मी शिकवलंय. ती थांबते कशी, हूं म्हणते कशी, ते सगळं माझं आहे."

धाकटी हसली. "जा गं! तुझा आवाज मला कळत नाही होय?"

"आवाज दुसरीचा आहे." आणि मग, थांबले तर पुन्हा जमणार नाही हे ओळखून, ती बोलूनच गेली. "आणि बुधवारी तुझं बोलणं माझ्यासमोर आलं. चार तासांचं. मी बंद करायला हवं होतं. केलं नाही."

कप बशीत ठेवल्याचा आवाज झाला.

"वाचलंस?"

"हो."

"किती?"

"सगळं."

"म्हणजे मी खोलीचं दार लावून बोलले, आणि तू ते कचेरीत खुर्चीवर बसून वाचलंस. पंख्याखाली."

"लोकांची बोलणी सुधारणेसाठी वाचली जातील, असं त्यात लिहिलेलं असतं. तू 'मान्य' दाबलंस."

"बारीक अक्षरात लिहिलेलं असतं! चष्मा नव्हता मला!" धाकटी उठून उभी राहिली. "आणि लोकांनी वाचलं तर वाचू दे की. लोक कुठे माझ्या समोर बसून चहा पितात? ताई, मला जगात एकच जागा मिळाली होती जिथं तू नव्हतीस. लहानपणापासून बघतेय, शाळेत गेले तर आधी तू होतीस, आजारी पडले तर उशाशी तू. इथं तरी म्हटलं माझं मी बोलेन. तर तिथंही तूच बसलेली!"

"तू सहा वेळा 'ठेवते' म्हणालीस. तिनं तुला जाऊ दिलं नाही. ते माझ्यामुळे. तेवढं बदलायचंय मला. सोमवारी दाखवायला एक बोलणं मागताहेत..."

"माझं दाखवणार?"

"तू हो म्हणालीस तर."

धाकटी आत गेली. दार लावलं. आतून काहीच ऐकू आलं नाही. ना कुजबुज, ना तो चौथा हुंकार. आता तिला त्या फोनशीही बोलता येणार नव्हतं. सातबाई ओट्याशी उभी राहिली. सोडवायला गेली आणि होती ती एक फटही बुजवून आली, असं तिला झालं. रविवार सबंध तसाच. जेवणाचं ताट दाराशी ठेवलं तेव्हा आतून शब्द आले, "भूक नाही," आणि मग थोड्या वेळानं, "पाणी ठेव."

सोमवारी सकाळी सातबाई चपला घालत होती. मागचं दार उघडलं. धाकटी बाहेर जायच्या कपड्यांत उभी होती. केस विंचरलेले, हातात पिशवी.

"माझं लिहिलेलं कुणाला दाखवायचं नाही. एक अक्षर नाही."

"नाही दाखवत."

"मी येते. मला जेवढं सांगायचं तेवढं मी सांगेन. आणि रस्त्यात माझ्याशी बोलू नकोस."

त्या बैठकीची आठवण चष्मेवालीनं पुढे कित्येक दिवस सांगितली असेल. आठ माणसं, मध्ये लांबलचक टेबल, आणि टोकाला पिशवी मांडीवर घट्ट धरून धाकटी. सातबाईनं आधीच उभं राहून सांगून टाकलं होतं, की ही माझी सख्खी बहीण, हिचं बोलणं मी नियम मोडून वाचलं, आणि घरी तोंडही उघडलं. साहेबांचा चेहरा उतरला. पण आलेल्या बाईला हाकलावं कसं, म्हणून ते म्हणाले, "बोला, मावशी."

"तुमची ती बाई चांगली आहे," धाकटी म्हणाली. "माझी पहिले काही दिवस तिनं सोबत केली. ते मी नाकारत नाही. पण ती मला जाऊ देत नाही. मी म्हणते, ठेवते. ती म्हणते, आणखी काही? आता कुणी इतक्या मायेनं विचारलं तर नाही कसं म्हणायचं?"

एक जण म्हणाला, "पण मावशी, लाल बटण आहे ना. दाबलं की बंद."

धाकटीनं त्याच्याकडे असं बघितलं, जसं गिऱ्हाइकानं सदऱ्याला बटणंच नकोत म्हणावं. "अहो, समोरचं माणूस बोलतंय आणि त्याच्या तोंडावर फोन आपटायचा? तुम्ही घरी असं करता?"

 कुणीतरी हसू दाबलं.

"मला ठाऊक आहे ते मशीन आहे. पण मी तर मशीन नाही ना! मला नाही जमत. मला एका ठिकाणी जायचं होतं. सतरा दिवस मी रोज निघाले आणि रोज बसून राहिले. ताईनं कुलूप लावलं नाही, तुम्ही लावलं नाही. मीच माझ्या भिडेपायी आत. उद्या महिना संपतो." तिनं पिशवी उचलली. "एवढंच. आणखी काही नाही."

साहेबांनी भिंतीवरच्या त्या मोठ्या अक्षरांकडे बघितलं. मग म्हणाले, दहातल्या एका माणसासाठी दुसऱ्या 'ठेवते'ला सोडून बघू, तीन महिने. मग ठरवू. चष्मेवालीनं ते लगेच लिहून घेतलं. आणि सातबाईकडे न बघता ते पुढे म्हणाले, "बाई, तुमचं कार्ड मात्र..."

"हो," सातबाईनं ते गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं. "बाहेर सोडताना ते मला ओळखत नाही, तेवढं बघून घ्या. पुढच्या माणसासाठी."

 दुसऱ्या दिवशी, महिन्याच्या शेवटच्या दिवशी, धाकटी एकटीच रस्त्याच्या टोकापर्यंत गेली. सातबाई खिडकीतून बघत होती. वाटेत धाकटी दोनदा थांबली. दुसऱ्यांदा थांबली तेव्हा सातबाईनं चौकट धरून ठेवली, हाक मारायची नाही म्हणून. मग धाकटी चालू लागली आणि वर्गाच्या दारात शिरली.

अडीच तासांनी ती परत आली. चपला पायातच होत्या.

"जागा दिली त्यांनी दुसरीला. कालच, मी काही येत नाही असं वाटून. ती मशीनवर काज करते म्हणे, मिनिटाला चार." ती खुर्चीत बसली. "आठवड्याचे दोन दिवस ये म्हणाल्या मला. त्या दोन दिवशी तिला जमत नाही, म्हणून. उरलेल्या पोरी माझ्या गळ्यात."

"मग? हो म्हणालीस?"

"म्हणाले." धाकटीनं कपाळावरचा घाम पुसला. थकलेली होती, चेहरा लाल झालेला, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या अंगाला बाहेरचा, धुळीचा वास येत होता.

सातबाई जरा पुढे झुकली. "बरं वाटलं का गं तिथं?"

धाकटीचा चेहरा मिटला. अगदी डोळ्यांदेखत, दार लोटावं तसा.

"ते मला विचारायचं नाही. आतलं काही विचारायचं नाही, ताई. तो हक्क तू वाचून संपवलास." मग जराशानं, आवाज थोडा उतरवून, "काज विचार हवं तर."

सातबाई मागे टेकली. चार तास अकरा मिनिटं तिला जवळजवळ पाठ होती, आणि त्यातलं एक वाक्यही आता तिला बहिणीच्या तोंडून कधी ऐकायला मिळणार नव्हतं. त्याच घरात, त्याच दोन खोल्यांत, दोघींना यापुढे काजांवरच राहायचं होतं.

"बरं," ती म्हणाली. "काज कसे करतात त्या पोरी?"

"भयंकर!" धाकटी म्हणाली, आणि चपला काढायला वाकली. "अगं, एकीला सुई धरता येत नाही..."